गल्ला वेगळा, घर वेगळे

मंदी एका दिवसात येत नाही. आधी मोठ्या कंपनीकडून येणारी ऑर्डर निम्मी होते, मग महिन्याने मिळणारे पैसे तीन महिन्यांवर जातात, मग गिऱ्हाईक रोख देण्याऐवजी 'लिहून ठेवा' म्हणू लागते. खर्चाच्या तारखा मात्र जागच्या हलत नाहीत. जागेचे भाडे, विजेचे बिल, कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता, मुलांची फी, सगळे ठरल्या दिवशी दारात उभे राहते. छोटा धंदा बहुतेक वेळा तोट्यामुळे बंद पडत नाही. ज्या दिवशी पैसे द्यायचे त्या दिवशी हातात रोकड नसते, म्हणून तो बंद पडतो. कागदावर नफा दाखवणारी वर्कशॉपही अशी बसली आहेत.

म्हणून कठीण काळात 'खर्च कमी करा' हा सल्ला अपुरा आहे. कुठला खर्च कोणाचा, हे आधी कळले पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या व्यावसायिकांचे घर आणि धंदा एकाच खिशातून चालतात. ज्यांचे असे आहे, त्यांनी बाकी काही करण्याआधी ते दोन खिसे वेगळे करावेत. हे न करता केलेली काटकसर कुठे जिरली तेही कळत नाही.

गल्ल्यातला पैसा आपला नसतो

एका किराणा दुकानाचा हिशेब मांडू. रोजची विक्री ८,००० रुपये, म्हणजे महिन्याची २ लाख ४० हजार. सरासरी १२ टक्के सुटतात असे धरले तर महिन्याला २८,८०० रुपये मिळतात. त्यातून भाडे, वीज आणि हाताखालच्या मुलाचा पगार मिळून २०,००० गेले, तर उरतात ८,८००. आता घरखर्चासाठी रोज संध्याकाळी गल्ल्यातून ५०० रुपये उचलले जात असतील तर महिन्याची उचल होते १५,०००. वरचे ६,२०० रुपये येतात मालाच्या भांडवलातून. ते कोणालाच दिसत नाहीत, कारण गल्ल्यात रोज आठ हजार येताना दिसत असतात. वर्षभरात ७४,४०० रुपयांचा माल घराने खाल्लेला असतो. मग फळ्या विरळ होतात, घाऊक व्यापाऱ्याची उधारी वाढते, आणि मालक म्हणतो की मंदीने मारले. मंदीचा वाटा त्यात असतोच, पण निम्मे काम या उचलीने केलेले असते.

यावर इलाज साधा आहे, पाळायला मात्र कठीण. मालकाने स्वतःला पगार ठरवून द्यायचा, तोही धंद्याला झेपेल एवढाच. ठरल्या तारखेला तो धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात जाईल, आणि मध्ये गल्ल्याला हात लागणार नाही. दुकानातल्या क्यूआर कोडवर येणारे पैसे चालू खात्यात आणि भाजी-दुधाचे यूपीआय घरच्या खात्यातून, एवढी विभागणी आजच करता येते. दुकानातून घरी नेलेला साखरेचा पुडा, तेलाचा डबा खरेदीच्या भावाने रोजमेळात लिहायचा. वरच्या उदाहरणात पगार ८,८०० पेक्षा जास्त बसत नाही, हे सत्य घराला समजले की खरी चर्चा सुरू होते: घरखर्च कमी करायचा, दुसऱ्या कोणी कमवायला लागायचे, की दुकानाची विक्री वाढवायची. तोवर सगळे अंधारात असते.

आणखी एक पैसा आपला नसतो, तो जीएसटीचा. समजा तुमच्या शेडमधून १ लाखाचा माल कंपनीला गेला आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. बिल फाडले की १८,००० रुपयांची जबाबदारी उभी राहिली. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा होईल, पण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावी लागते. कंपनी पैसे तीन महिन्यांनी देणार असली तरी यात सूट नाही. उशीर झाला की वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक रकमेतला कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा. तो पैसा पगारासाठी वापरून 'पुढच्या महिन्यात भरू' म्हणणारे पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचा कर शोधत बसतात.

तेरा आठवड्यांचा तक्ता

ज्यांचे उत्पन्न घटले आहे अशा प्रत्येकाने, नोकरदारानेसुद्धा, पुढच्या तीन महिन्यांचा आठवडावार तक्ता वहीत आखावा. वर्षाचे अंदाजपत्रक अशा काळात उपयोगाचे नसते, आणि महिन्याचे फार ढोबळ होते, कारण अडचण १ तारखेला नसते, ७ आणि १० तारखेला असते. प्रत्येक आठवड्यापुढे चार आकडे लिहा: हातातली शिल्लक, नक्की येणारे पैसे, देणे भागच असलेले पैसे, आणि आठवड्याअखेर उरणारी रक्कम. 'नक्की' या रकान्यात कोणाचे आश्वासन लिहू नका. जी पार्टी दर वेळी पंधरा दिवस उशिरा देते तिचे पैसे पंधरा दिवस पुढेच लिहा.

असा तक्ता पहिल्यांदा आखल्यावर अनेकांची झोप उडते. पण नवव्या आठवड्यात चाळीस हजार कमी पडणार हे आज कळणे आणि नवव्या आठवड्यात कळणे यांत फार अंतर आहे. आज कळले तर घरमालकाशी बोलता येते, पडून राहिलेला माल कमी भावात काढता येतो, वसुलीला माणूस पाठवता येतो. त्या दिवशी कळले तर सावकारच उरतो.

घरात कुठे हात घालायचा, कुठे नाही

घरखर्च ठरवताना तीन महिन्यांची बँक खात्याची नोंद समोर घेऊन सगळे घर एकत्र बसवा. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला घरातल्या प्रत्येक रुपयाचा माग माहीत असतो, आणि नेमके तिलाच शेवटी सांगितले जाते. धंद्याची अडचण बायकोपासून लपवणाऱ्या पुरुषांबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्यांचे चुकते. दहावीतल्या मुलालाही आकडे दाखवावेत. मुले समजून घेतात. घरातली कुजबुज मात्र त्यांना घाबरवते.

किराणा आणि भाजीत फार चाचपडू नका. तिथे महिन्याला पाच-सातशे वाचतात आणि जेवणाचा दर्जा जातो. मोठ्या आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा पाहा: हप्त्यावर घेतलेला फोन, वापरात नसलेली दुसरी गाडी, खात्यातून दर महिन्याला जाणारी वर्गणी. म्युच्युअल फंडाची एसआयपी काही महिने थांबवली तर आकाश कोसळत नाही. एकीकडे महागडे कर्ज काढून दुसरीकडे गुंतवणूक चालू ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. फीसाठी शाळेकडे हप्ते मागा, लेखी मागा, आणि मुदतीआधी मागा. लग्न, वास्तुशांत, सणातली देणीघेणी यांत 'लोक काय म्हणतील' ही भीती सर्वांत महाग पडते. यंदा साधेपणाने करतोय असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपण होऊन जाहीर केले की अर्धी भीती जाते.

आरोग्य विम्याला मात्र हात लावू नका. हप्ता चुकवून पॉलिसी बंद पडली आणि पुढे नवी घेतली, तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो. तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या घरात हे परवडणारे नाही. ज्यांच्याकडे विमा नाहीच, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्यावी. राज्यातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिच्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांसाठीच. जवळचे असे रुग्णालय कोणते, हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवा. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचे वर्षाचे ४३६ आणि सुरक्षा योजनेचे २० रुपये बँक खात्यातून जातात. पहिलीत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी आणि दुसरीत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण आहे. हप्ता कापला जाण्याच्या तारखेला खात्यात शिल्लक नसेल तर तेही जाते.

शेडमध्ये

धंद्याचा खर्च कापताना मालकाची नजर आधी कामगाराकडे जाते. मला हा क्रम चुकीचा वाटतो. लेथवर सफाईने हात चालणारा कारागीर तयार व्हायला वर्षे लागतात. तो गेला तर काम परत आल्यावर मिळत नाही. त्याआधी बघण्यासारखे बरेच असते. औद्योगिक वीजजोडणी असेल तर बिलात वापरलेल्या युनिटशिवाय मागणी आकार लागतो. दोन पाळ्या चालत होत्या तेव्हा घेतलेली कॉन्ट्रॅक्ट डिमांड आज एका पाळीला जास्त असेल, तर महावितरणकडे अर्ज करून ती कमी करता येते. काम परतण्याची खात्री असेल तर मात्र घाई नको, कारण ती पुन्हा वाढवून घ्यायलाही वेळ आणि पैसा जातो. कपॅसिटर नादुरुस्त झाल्याने पॉवर फॅक्टर घसरला असेल तर बिल उगाच फुगते. तो दुरुस्त करण्याचा खर्च लवकर भरून निघतो.

दुसरी जागा म्हणजे गोदाम. वर्षभर न हललेला माल, जुन्या ऑर्डरचे उरलेले लोखंड, बंद पडलेले मशीन हे सगळे गोठलेले पैसे आहेत. खरेदी किमतीचा मोह सोडून जे मिळेल त्याला काढा. कच्चा माल 'स्वस्त मिळतोय' म्हणून जास्त भरू नका. मंदीत भाव आणखी पडू शकतात, पण त्यात गुंतलेली रोकड परत मिळत नाही. भाड्याबाबत जागामालकाशी थेट बोला. रिकामी जागा त्यालाही परवडत नाही. सहा महिन्यांसाठी भाडे कमी किंवा डिपॉझिटमधून वळते, असा तोडगा अनेकदा निघतो. तो कागदावर घ्या.

पगार कापणे अटळच झाले तर मालकाने आधी स्वतःचा कापावा, कामगारांना हिशेब दाखवून सांगावे आणि कमी दिवसांच्या कामाचा पर्याय त्यांच्याशी बोलून ठरवावा. सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सर्वांत कमी झळ लागावी. त्याच्या घरी तेरा आठवडे पुढे बघण्याइतकीही सोय नसते.

येणे वसूल करा, कायदा पाठीशी आहे

उधारी मागण्याची आपल्याकडे लाज वाटते, विशेषतः मोठ्या गिऱ्हाइकाकडे. ऑर्डर तुटेल ही भीती खरी आहे, पण पैसे न देणारी ऑर्डर ही ऑर्डर नसून बिनव्याजी कर्ज आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एक हत्यार दिले आहे. खरेदीदाराने करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती विनाशुल्क आहे, त्यासाठी कोणा एजंटाला पैसे देऊ नका, आणि माल देण्याआधीच ती झालेली असू द्या. दुसऱ्याचा माल नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उशिरा मिळालेल्या पैशांबाबतचे हे संरक्षण मिळत नाही.

तक्रार करायची नसेल तरी बोलण्यात उपयोगी पडेल असा एक मुद्दा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचा नियम असा झाला की सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे या मुदतीत दिले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच दाखवता येतो. म्हणजे ३१ मार्चला तुमची रक्कम मुदत उलटून थकलेली असेल, तर त्याचा स्वतःचा कर वाढतो. कंपनीच्या खरेदी विभागापेक्षा हिशेब विभागाला हे चटकन कळते. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीत हिशेब विभागाला नम्र पत्र लिहा.

दुकानदाराची उधारी वेगळी. तिथे कायदा कामाचा नाही, ओळख कामाची. वही घेऊन नावे जुन्या उधारीपासून लावा. ज्याच्याकडे ६,००० आहेत त्याला सगळे मागितले की तो दुकानासमोरून जाणेच बंद करतो. दर आठवड्याला ३०० मागितले तर तो येतो, आणि रोखीने मालही नेतो.

कर्ज: आधी कोणते, आणि बँकेत कधी जायचे

हातात थोडे पैसे आणि देणी अनेक, अशी वेळ आली की जो जास्त ओरडतो त्याला आधी देण्याकडे कल होतो. क्रम वेगळा हवा. अन्न, औषध, वीज, भाडे, कामगारांचा पगार आणि सरकारी कर आधी. मग ज्यावर घर किंवा मशीन तारण आहे ते कर्ज. त्यानंतर उरतील ते पैसे सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जात. क्रेडिट कार्डावर ५०,००० थकले आणि महिना साडेतीन टक्के दर असेल तर महिन्याचे व्याज १,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५, म्हणजे २,०६५ रुपये. किमान रक्कम म्हणून अडीच हजार भरलेत तर मुद्दल जेमतेम ४३५ रुपयांनी उतरते. मुदत ठेव मोडून किंवा तिच्यावर कर्ज काढून कार्ड फेडणे इथे फायद्याचे आहे.

'फ्लॅट' व्याजदराने फसू नका. १ लाख रुपये एक वर्षासाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले तर हप्ता ९,३३३ रुपये बसतो. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागते. त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. सोनेतारण त्या मानाने स्वस्त असते, पण एक अट पाळा: ते सोने कोणत्या येण्यातून आणि कोणत्या तारखेला सोडवायचे, हे तक्त्यात लिहिता येत नसेल तर गहाण ठेवू नका. वर्षभर व्याज साचून लिलावात जाण्यापेक्षा थोडे सोने आजच विकलेले बरे. फोनमधल्या संपर्कांची आणि फोटोंची परवानगी मागणाऱ्या कर्जाच्या ॲपला हातही लावू नका. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो. विनापरवाना सावकाराच्या कोऱ्या धनादेशावर किंवा जमिनीच्या खरेदीखतावर सही करणे म्हणजे घर सोडून देणे आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून काढून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठीच. आजही गल्लीतला बचत गट सावकारापेक्षा शंभर पटींनी बरा.

बँकेत हप्ता चुकण्याआधी जा. हप्ता थकल्यावर पहिल्या ३० दिवसांतच खात्यावर धोक्याची पहिली खूण बसते, ३१ ते ६० दिवसांत दुसरी, ६१ ते ९० मध्ये तिसरी, आणि ९० दिवसांनंतर ते अनुत्पादक ठरते. कॅश क्रेडिट (सीसी) खाते सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिले तरी तेच होते. पहिल्या टप्प्यात शाखाधिकाऱ्याच्या हातात मुदत वाढवणे, हप्ता कमी करणे असे काही असते. शेवटच्या टप्प्यात त्याच्या हातात फारसे राहत नाही. जाताना तेरा आठवड्यांचा तक्ता, येण्यांची यादी आणि हातातल्या ऑर्डरी घेऊन जा. सवलत मिळाली तरी तिची किंमत विचारा. २०२० च्या टाळेबंदीत ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते थांबवण्याची मुभा होती. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. व्याजावरच्या व्याजाचा फरक २ कोटींपर्यंतच्या कर्जांना सरकारने नंतर दिला, मूळ व्याज मात्र कर्जदारांनाच भरावे लागले.

जमवलेले पैसे कुठे ठेवायचे, हे खर्चाइतकेच महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. अनेकांचे घर आणि धंदा दोन्ही त्याच एका बँकेत होते. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. तिथला एखादा टक्का जास्त व्याज बघून संकटकाळची सगळी शिल्लक ठेवू नका. तीन महिन्यांचा घरखर्च दोन वेगवेगळ्या बँकांत विभागून ठेवा.

आणि धंदा किती दिवस ओढायचा, याची सीमा डोके थंड असताना ठरवा. उदाहरणार्थ, सलग दोन तिमाही मालकाचा ठरलेला पगारही निघाला नाही, किंवा राहत्या घरावर नवे कर्ज काढल्याशिवाय पुढचा महिना जात नाही, तर थांबायचे. ही सीमा लिहून घरातल्या दोघांनी सही करा. थांबायचे ठरलेच तर मशीन चालू स्थितीत असताना विका, बंद पडल्यावर भंगाराचा भाव येतो. आधी कामगारांची देणी द्या, मग राहिलेली विवरणपत्रे भरून जीएसटी नोंदणी रीतसर रद्द करून घ्या, कारण नोंदणी चालू राहिली तर धंदा नसतानाही विवरणपत्र चुकल्याचा दंड साचत राहतो. जागेची वीजजोडणी आपल्या नावावर असेल तर अंतिम रीडिंग घेऊन ती बंद करा आणि सुरक्षा ठेव परत मागा.